संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग

मी घाबरट माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. कारण आमच्या कॉलनीत सध्या याच्या नेमकं उलट सांगितलं जातं आणि सांगणाऱ्यांत माझी सख्खी बायको सगळ्यांत पुढे आहे. पाटबंधारे खात्यात मी कारकून म्हणून लागलो आणि कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. इतक्या साहेबांच्या हाताखाली काम केलेला माणूस घाबरट असूच शकत नाही, तो तिसऱ्या साहेबालाच संपला असता. तरीही आज मी बाजारात भेंडी घ्यायला गेलो की भाजीवाली नीलाबाई मला वरपासून खालपर्यंत न्याहाळते, खरं म्हणजे वरपासून पोटापर्यंतच न्याहाळते, आणि विचारते, "आता तं निंगता ना जी गुणवंतभाऊ?" आजूबाजूचे लोक हसतात. भेंडी मात्र ती जूनच देते.

सुरुवात वानरांनी केली. नदीच्या अलीकडे आमचं गाव आणि पलीकडे जंगल, आणि ही हद्द वानरांनी कधी मान्य केलेली नाही. त्या दिवशी घरात शिरलेल्या टोळीने फ्रिजवरचा कोहळा नेला, इंदूने वाळत घातलेल्या मुगवड्या नेल्या, आणि त्यातलं एक थोराड वानर मागच्या खोलीत माझ्या आईच्या बाजेवर बसून तिचा पानाचा डबा उघडताना सापडलं. आई समोर खुर्चीत बसून शांतपणे बघत होती. मी काठी घेऊन धावलो तर म्हणाली, "थांब बाबू, सुपारी फुटते का त्याच्यानं, पाहू दे."

आईला, म्हणजे बायनाबाईंना, जगातल्या कुठल्याच गोष्टीची भीती वाटत नाही. त्यामुळे तिच्या वाटची भीती मला वाटून घ्यावी लागते. यालाच लोक घाबरटपणा म्हणतात.

इंदूने त्याच संध्याकाळी निकाल दिला. घरातल्या सगळ्या खिडक्यांना लोखंडी ग्रिल. "नाईतं मी दिव्यानीकडं नागपूरला चालली," असंही तिने जोडलं. दिव्यानी आमची मुलगी. ग्रिल बसवण्याला माझी हरकत नव्हती. पण आमचं घर म्हणजे एकामागे एक तीन खोल्या. समोर बैठक, मधे स्वयंपाकघर, मागे आईची खोली. मागचं दार होतं तिथे आम्ही संडास-बाथरूम बांधून घेतलं, आईला रात्री अंगणात जायला नको म्हणून. म्हणजे बाहेर पडायला एकच दार, समोरचं. स्वयंपाकघरात काही पेटलं तर मागच्या खोलीतली आई कुठून बाहेर पडणार? खिडकीतून. आणि खिडकीला ग्रिल लावली तर? तर कुठूनच नाही.

हा विचार माझ्या डोक्यात उगाच आलेला नव्हता. निवृत्तीच्या आधी आमच्या कार्यालयात आगीपासून बचावाचं प्रात्यक्षिक झालं होतं. त्या अधिकाऱ्याने शेवटी विचारलं होतं, "तुमच्या घरातली सगळ्यांत म्हातारी व्यक्ती दुसऱ्या कुठल्या वाटेने बाहेर पडेल?" सगळा हॉल समोशांच्या बशीकडे बघायला लागला. मीही बघितलं. पण मी एकटाच तो प्रश्न घरी घेऊन आलो, बाकीच्यांनी उरलेले समोसे नेले.

म्हणून मी ठरवलं की आईच्या खोलीतल्या मोठ्या खिडकीच्या ग्रिलमध्ये एक झडप ठेवायची. आतून कडी काढली की बाहेर उघडणारी, लोखंडी, चौकोनी. एवढंच. यात हसण्यासारखं काय आहे, हे मला अजूनही कळलेलं नाही.

आमच्या मागच्या गल्लीत, आईच्या खिडकीसमोरच, रामाजी राहतात. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, पण त्यांचा आवाज अजून नोकरीत आहे. ते माझ्या अंगणात आले, माझा चहा प्यायले आणि माझ्याच खुर्चीत बसून म्हणाले, "गुणवंतभाऊ, चोराले आवतन देऊन राह्यले काय?"

मी त्यांना म्हटलं, "रामाजी, तुमच्या एसटीतही संकटकाळी बाहेर पडायची खिडकी असतेच ना?"

"असते जी. पूर्ण सर्व्हिसमंदी मी त्या खिडकीतून मानूस बाहेर पडताना पाह्यला नाई. अंदर येतानाच पाह्यला. जत्रेच्या गाडीत सीट धरासाठी रुमाल, मंग पिशवी, मंग लेकरू, मंग बुडा. तुमच्या झडपीतून बी अंदरच येतीन सारे, सांगून ठेवतो."

मग त्यांनी सल्ला दिला. रामाजींचा सल्ला टाळता येत नाही, तिकिटासारखा हातात येतोच. सल्ला असा की झडप करायचीच असेल तर इतकी लहान करा की चोर त्यातून आत शिरणार नाही. मी म्हटलं, पण आई बाहेर पडली पाहिजे. ते म्हणाले, बायनाबाई किती आहेत, मूठभर. त्यांच्यापुरती करा.

मी खात्यात आयुष्य काढलेला माणूस. त्रुटी काढणं हा माझा व्यवसाय होता. पण या योजनेत मला एकही त्रुटी दिसली नाही. आई निघेल आणि चोर शिरणार नाही, एवढीच झडप हवी. चोर आईपेक्षा जाडच असणार असं आम्ही दोघांनी गृहीत धरलं, आणि मला वाटतं सरकारातल्या बऱ्याच योजना याच पद्धतीने मंजूर होतात.

वेल्डर पोचू टेप घेऊन आला, तेव्हा मी आईचं माप घेतलं. तिला बाजेवर बसवलं आणि खांदे मोजले. तिला गुदगुल्या झाल्या. कंबर मोजायला गेलो तर माझ्या हातावर फटका बसला. "मी काय बंदर आहो, खिडकीतून निंगाले? कायचं माप घेऊन राह्यला रे? मेली नाई मी अजून."

"आई, हे तुझ्यासाठीच आहे."

"मले नाई पाह्यजे. मी दरवाज्यातून आली या घरात, दरवाज्यातूनच जाईन."

पोचूने खडूने भिंतीवर चौकोन काढला, मान वाकडी करून बघितला आणि माझ्याकडेही बघितलं. "साहेब, थोडी मोठी घेऊ काय?" मला ते अतिशय उद्धट वाटलं. मी म्हणालो, "जे माप दिलं आहे, तेच." तो म्हणाला, "बरं जी." इथपर्यंत कोणाचीही काही चूक नव्हती, असं माझं आजही मत आहे.

पोचूने बाकीच्या सगळ्या खिडक्यांना ग्रिल बसवली. मागच्या खिडकीलाही बसवली, फक्त झडपेच्या जागी भोक ठेवलं. "झडप उद्या आनून लावतो," म्हणाला, आणि मार्कंड्याच्या जत्रेला निघून गेला. सहकुटुंब. जत्रा संपली, लोक परत आले, दुकानांची लाकडंसुद्धा परत आली, पण पोचू नाही. त्याच्या बायकोचे मामा चामोर्शीला राहतात, असं त्याचा फोन उचलणाऱ्या कोणीतरी सांगितलं आणि फोन ठेवला.

या काळात माझ्या घराची अवस्था अशी होती की सगळ्या खिडक्या लोखंडाने बंद आणि एकाच ठिकाणी माकडाच्या मापाचं भोक. आधी वानरं सगळीकडून यायची आणि सगळीकडून जायची, आता एकाच रस्त्याने यायला लागली, रांगेने आणि शिस्तीत. पळवून लावायचं म्हटलं तर त्यांनाही त्याच भोकातून जावं लागे, त्यामुळे तिथे गर्दी होई आणि थांबलेली वानरं आमच्याच घरात बसून वाट बघत. आई त्यांच्याशी बोलायला लागली होती. रामाजी गल्लीतून ओरडायचे, "पुढं सरका, पुढं सरका!" इंदूने माझ्याशी बोलणं बंद केलं. मी भोकाला कपाटाचा जुना पल्ला लावला, तो वानरांनी पाडला, आणि त्या आवाजाने माझाच रक्तदाब वाढला.

शेवटी पोचू आला, झडप लागली. सुंदर लागली, खोटं कशाला बोलू. आईची बाज खिडकीखालीच होती. बाजेवर उभं राहिलं की झडप कमरेला. मी पेंटरकडून पत्र्याची पाटी रंगवून घेतली, लाल अक्षरांत, 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग', आणि ती झडपेच्या वर बाहेरून लावली. इंदू म्हणाली, बाहेरून कशाला, बाहेर पडणारा आत असतो. मी म्हणालो, बाहेरच्यालाही कळलं पाहिजे कुठून ओढायचं. यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. ते मला नंतर मिळालं.

पाटी लागली आणि ती नगरपंचायतीच्या कोणाच्यातरी डोळ्यांत भरली. झडप उघडली की तिचा पल्ला गल्लीतल्या नालीवर येतो आणि नाली सार्वजनिक, अशी तोंडी तक्रार झाली. मी स्वतः गेलो. तिथला तरुण अभियंता फार नम्र होता. मला नम्र माणसांचीच जास्त धास्ती वाटते. तो म्हणाला, "काका, आधी हे ठरवावं लागेल की ती खिडकी आहे की दार. खिडकी असेल तर हरकत नाही. दार असेल तर नकाशा बदलून परवानगी घ्यावी लागेल."

मी म्हणालो, "खिडकीतलं दार आहे."

"असा प्रकार आमच्याकडे नाही. माणूस ये-जा करतो ते दार. माणूस जात-येत नाही ती खिडकी. तुमच्याकडे माणूस जाणार का?"

"संकट आलं तर जाणार."

"मग संकट आल्यावर दार, तोपर्यंत खिडकी," तो खुशीत येऊन म्हणाला. "मी तसं वर विचारून बघतो." तो अजून विचारतोच आहे. खात्यात असताना मी आयुष्यभर लोकांना ज्या 'वर विचारून बघतो' या वाक्याने वाटेला लावलं, त्याच वाक्याने मला कोणी परत पाठवेल असं वाटलं नव्हतं. संताप झाला. पण संतापून जायचं कुठे, बाहेर ऊन मी म्हणत होतं.

आणि तिथेच खरी गोष्ट सुरू होते, उन्हातच. आमच्याकडचा उन्हाळा ज्याने पाहिला नाही, त्याला मी समजावू शकत नाही. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. अशा वेळी माणसाला आधार एकच, कूलर. दिव्यानीने आजीसाठी नागपूरहून नवाकोरा, माझ्या छातीइतका उंच लोखंडी कूलर पाठवून दिला. सोबत फोन. "बाबा, आजीच्या खोलीत लावा. आजच लावा. मी संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर बघणार आहे."

आईच्या खोलीत दुसरी खिडकी आहे, पण ती बाथरूमवर उघडते. म्हणजे कूलर लावायचा तर मोठ्या खिडकीलाच, बाहेरून, स्टँडवर. आणि ग्रिलमधून कूलरची हवा नीट येत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पोचूने झडप उघडली, पल्ला बाजूला बांधला आणि कूलरचं तोंड त्या चौकोनात बसवलं. तंतोतंत बसलं. एक बोटही फट नाही.

पोचूचा चेहरा उजळला. "साहेब! कूलरचंच माप काढलं होतं तं पहिलेच सांगाचं ना! मी म्हनो, हे बुडीचं माप कायले घेऊन राह्यले."

"ते आईच्याच मापाचं आहे!" मी ओरडलो. "तो बाहेर पडायचा रस्ता आहे! कूलर काढ!"

कोणीही कूलर काढला नाही. आई समोर बसली होती, पदर बाजूला घेऊन, डोळे मिटून, कपाळावरचे पांढरे केस वाऱ्याने उडत होते. "काय बाप्पा गार हवा आहे," ती म्हणाली. सकाळपासून ती उन्हाने जेवली नव्हती. आता तिने भाकर मागितली. आता सांगा, मी काय करायला हवं होतं? आग लागली तर आई मरेल म्हणून आजच तिला उन्हाने मारायचं? मी कूलर राहू दिला. एवढंच नाही, रोज दुपारी जेवल्यावर त्या कूलरमध्ये बादल्या भरभरून पाणी मीच ओतायला लागलो, काठोकाठ.

याहून मोठा अपमान पुढेच होता. पहिल्या आठवड्यात रामाजी येऊन बघून गेले. दुसऱ्यात त्यांच्या घरी पोचू दिसला. मग पलीकडच्या घरी. बघता बघता अख्ख्या कॉलनीत प्रत्येक ग्रिलमध्ये माझ्या मापाची झडप आणि प्रत्येक झडपेत कूलर. पोचू गिऱ्हाइकांना विचारायचा, "सादी पाह्यजे का गुणवंतराव मॉडेल?" मी रस्त्याने जाताना लोक हात जोडायचे. "भाऊ, काय डोकं चालवलं! इतके वर्षं कोनाले सुचलं नाई." मी सांगायचो की अहो, ती कूलरसाठी नाही, तिथे काही ठेवायचंच नसतं, ती मोकळी राहायला हवी. लोक म्हणायचे, "इनयशील आहेत." मी जगाला जीव वाचवायचा रस्ता दाखवला आणि जगाने त्यात कूलर बसवून माझे आभार मानले.

मे महिन्यातली ती दुपार. मी आणि आई मागच्या खोलीत कूलरसमोर. आई बाजेवर, मी खाली चटईवर. इंदू स्वयंपाकघरात कुरड्या तळत होती. तेल तापत ठेवून ती बैठकीत आली, कारण रामाजींची बायको दारात आली होती, आणि रामाजींची बायको एका वाक्यासाठी कधीच येत नाही.

मला आधी वास आला. वाटलं, कुरड्या करपल्या. उठून स्वयंपाकघराचं दार उघडलं तर समोर कढई पेटलेली, ज्वाळा माझ्या डोक्याएवढ्या, खिडकीचा पडदा खालून वर पेटत निघालेला आणि धूर सरळ माझ्या तोंडावर. ज्वाळांच्या पलीकडे इंदू हात हलवून काहीतरी ओरडत होती. कूलरच्या आवाजात मला एक शब्द ऐकू आला नाही. मी दार लावलं. आईचा टॉवेल ओला करून दाराच्या खालच्या फटीत कोंबला. प्रात्यक्षिकात शिकवलेलं मला सगळं आठवत होतं. जो प्रश्न मी समोसे सोडून घरी आणला होता, तो आता माझ्या पुढ्यात बाजेवर बसला होता आणि विचारत होता, "काय झालं रे बाबू?"

"काही नाही. तुला खिडकीतून जायचं आहे."

"पुन्हा तेच?"

मी कूलरला धक्का दिला. तो हललासुद्धा नाही. हलेल कसा? मीच तासाभरापूर्वी काठोकाठ भरला होता. तेवढ्यात इंदूने मेन स्विच पाडला, कूलर बंद झाला, आणि त्या शांततेत दारापलीकडची चरचर ऐकू आली. मी ग्रिलला तोंड लावून ओरडलो, "रामाजी! रामाजी!" गल्लीच्या त्या बाजूला रामाजींची खिडकी, खिडकीत गुणवंतराव मॉडेल, मॉडेलमध्ये कूलर घरघरतोय आणि त्यामागे रामाजी झोपलेले. अख्ख्या कॉलनीत तीच घरघर. मी इतका ओरडलो की आईने कानांवर हात ठेवले, पण बाहेर चिटपाखरू हललं नाही. हे सगळं माझ्याच नावाने विकलं गेलं होतं. दाराच्या वरच्या फटीतून आता धुराची बारीक रेघ येत होती. आई खोकली. मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो, लिहून घ्या हवं तर.

शेवटी रामाजींना त्यांच्या बायकोने उठवलं. ते बनियन आणि टॉवेलवर धावत आले. शेजारच्या घरी आणखी एक मॉडेल बसवत असलेला पोचूही आला. दोघांनी बाहेरून ओढला, मी आतून रेटला, आणि दिव्यानीचा कूलर स्टँडवरून कोसळून नालीत आडवा झाला. पाण्याचा लोंढा रामाजींच्या पायांवरून गेला आणि त्यात त्यांची एक चप्पल गेली, ती मी अजून भरून दिलेली नाही, हे ते रोज सांगतात.

झडप मोकळी झाली. आई बाजेवर उभी राहिली आणि म्हणाली, "पहिले माहा पानाचा डबा."

"आई!"

"डबा दे म्हनलं ना."

मी डबा बाहेर दिला. मग आईला धरून झडपेच्या चौकटीवर बसवलं, तिचे पाय बाहेर सोडले, पोचूने पाय स्टँडवर टेकवले, रामाजींनी खांदे धरले आणि माझी आई त्या चौकोनातून सहज, कुठेही न घासता, बाहेर गेली. नोकरीत मी लिहिलेलं एकही टिपण साहेबांनी पहिल्या वेळी मंजूर केलं नव्हतं. हे झालं. आई गल्लीत, उन्हात, दोन्ही पायांवर उभी होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुरामुळे आलं असं मी सगळ्यांना सांगितलं आहे, पण तसं नाही.

मग मी निघालो.

डोकं गेलं. एक हात गेला, मग दुसरा. खांदे तिरके करून गेले. छाती गेली. आणि मग पोट आलं. पोचू 'थोडी मोठी घेऊ काय' असं का म्हणाला होता, ते मला तेव्हा, जमिनीला समांतर असताना, समजलं. मी पुढे जाईना. मागे जावं म्हटलं तर मागेही जाईना. आणि नेमकं त्याच वेळी माझ्या मागे स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि इंदूचा आवाज आला, "विझली वो! ओलं पोतं टाकलं, विझली सारी! या इकडून... अवो, कुठी चालले?"

मी कुठेही चाललेलो नव्हतो. हीच तर अडचण होती.

आग विझली म्हटल्यावर कॉलनी जमली. आगीला कोणी आलं नाही, मला बघायला सगळे आले. मी खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आणि माझ्या डोक्यावर लाल अक्षरांत पाटी. सल्ले सुरू झाले. साबण लावा. तेल लावा. तेल शिल्लक आहे का विचारा, आताच तळण होतं. श्वास सोडा. श्वास घ्या. एक जण म्हणाला, "दुपारचं जेवन झालं काय जी?" रामाजींनी माझे दोन्ही हात धरले आणि, मला खात्री आहे की मुद्दाम नाही, सवयीने, पूर्ण आवाजात म्हणाले, "चला, पुढं सरका, पुढं सरका!" मला नगरपंचायतीच्या त्या अभियंत्याची आठवण झाली. माणूस गेला तर दार, न गेला तर खिडकी. अर्धाच गेला तर काय, हे त्यानेही वर विचारलं नसणार.

"कापाच लागते," पोचू म्हणाला आणि मशीन आणायला गेला.

लोखंड उन्हाने तापलं होतं आणि माझ्या दोन्ही बाजूंना चटके बसत होते. तेव्हा आई पुढे आली. कूलरच्या स्टँडवर ती बसली, म्हणजे तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर आला. नालीशेजारी साचलेल्या कूलरच्या पाण्यात तिने पदराचं टोक भिजवलं, पिळलं आणि माझ्या पोटाच्या आणि लोखंडाच्या मधे जिथे जिथे बोट जात होतं तिथे ते कोंबलं. मग त्याच ओल्या हाताने माझं तोंड पुसलं. सगळ्या कॉलनीसमोर. मी निवृत्त कार्यालय अधीक्षक आहे.

"आई, नको ना."

ती ऐकत नव्हती. ती झडपेच्या चौकोनावरून हात फिरवत होती, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

"माह्यं माप घेतलं तू," ती म्हणाली. "बरोबर घेतलं. तुह्यं कोन घेईन?"

पोचू मशीन घेऊन आला, आईने माझ्या डोक्यावर ओलं पोतं टाकलं आणि ठिणग्या उडायला लागल्या. पोत्याच्या आत काय झालं, ते कोणी बघितलं नाही.

पुढचं थोडकंच आहे. दुसऱ्या दिवशी पोचू नवी झडप करायला आला. मी टेप काढली तर आई म्हणाली, टेप ठेव. तिच्याकडे सुतळी होती आणि सुतळीला गाठ मारलेली होती. रात्री मी झोपलो असताना तिने ती माझ्या पोटाभोवती फिरवून ठेवली होती. ती पोचूच्या हातात देऊन म्हणाली, "याच्याहून दोन बोटं जास्त ठेव. जेवते तो." रामाजी आपल्या कुंपणाच्या भिंतीपलीकडून म्हणाले, एवढी झाली तर मोठा कूलर बसेल. आईने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी आपलं डोकं खाली घेतलं. पण त्यांच्या स्वतःच्या खिडकीतला कूलर दुसऱ्या दिवशी बैठकीत गेला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. बाकी कॉलनी अजून कूलरसमोर गार झोपते. मी दारोदार सांगत फिरतो, लोक माझ्या पोटाकडे बघतात.

नालीतला कूलर दुरुस्त झाला. आईने आपली बाज उचलून बैठकीत, समोरच्या दाराजवळ टाकून घेतली आणि कूलरही तिकडेच नेला. "दरवाज्यातूनच जाईन म्हनलं होतं ना," ती म्हणाली. म्हणजे ज्या माणसासाठी मी वानरं, नगरपंचायत, रामाजी आणि पोचू एवढं सगळं सोसलं, तो माणूस आता दारापासून हातभर अंतरावर गार हवेत झोपतो, आणि मागच्या खोलीत, कूलरशिवाय, मी झोपतो. हा न्याय आहे का? मी इंदूला विचारलं. ती हसली.

रोज दुपारी मी घामाने भिजत डोळे मिटून पडलो की काठीचा आवाज येतो. आई स्वयंपाकघरातून, भिंतीला धरून धरून, मागच्या खोलीत येते. मी झोपलोय असं तिला वाटतं आणि मीही तसं वाटू देतो. खिडकीपुढे काही ठेवलेलं नाही ना, ते ती बघते. कडी काढते. झडप ढकलते, पूर्ण बाहेर जाईपर्यंत.

"उघडते," ती स्वतःशीच म्हणते, आणि कडी परत लावून जाते.